हापूसच्या पेटीतलं बाळंतपण

आमच्या दोन सशांतली बत्ताशी बत्तासा, म्हणजे नर, निघाली, तिथून सगळं सुरू झालं. "दोन्ही माद्या आहेत ताई, बिनधास्त एकत्र ठेवा," असं दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. सशाच्या लहान पिल्लांत नर कुठला, मादी कुठली हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. नराच्या गोट्या अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास खाली उतरतात, तोवर सगळा अंदाजपंचे कारभार. नखं कापून घ्यायला दोघींना डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी पांढऱ्या बत्ताशीला उताणं धरलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे दोघं एकाच पिंजऱ्यात राहतात?"

मग दुसरीला, रेवडीला टेबलावर घेतलं. एक हात छातीखाली, दुसऱ्या हाताची बोटं पोटावरून अगदी हलकी, मागेपुढे. "द्राक्षाएवढ्या गाठी लागतायत. दोनेक आठवडे झाले असतील. म्हणजे तुमच्याकडे अजून साधारण तेवढेच दिवस आहेत." सशाचं गाभणपण एकतीस दिवसांचं, दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. माझ्या लेकीचं सहामाहीचं वेळापत्रकसुद्धा याच्या आधी हातात येतं.

डॉक्टरांनी सांगितलं की सशाच्या मादीत अंडं महिन्याच्या हिशोबाने सुटत नाही, नराशी संग झाल्यावर दहा-एक तासांनी सुटतं. त्यामुळे एकत्र ठेवलेल्या जोडीत सहसा नेम चुकत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: नराला आजच वेगळं करा, आणि वेगळं म्हणजे दुसऱ्या घरात. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांची एक खेप अंगावर पीत असताना दुसरी पोटात, असं झालं तर तिचं शरीर पार खचतं. बत्ताशाची रवानगी त्याच संध्याकाळी भांडुपला नणंदेकडे झाली. तिला आम्ही "थोड्या दिवसांसाठी" म्हणून सांगितलं.

हे डॉक्टर मिळाले ते नशीब म्हणायचं. आमच्या भागात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत, पण ससा म्हटलं की बहुतेक ठिकाणी "आम्ही बघत नाही" असं उत्तर येतं. मला तरी तो प्रामाणिकपणा बरा वाटतो. घरातल्या औषधांच्या डब्यात असतं तसं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून तो दगावू शकतो. अर्धवट माहितीवर औषध देणाऱ्यापेक्षा नाही म्हणणारा परवडला. अडीअडचणीला परळचं बैलघोडा हॉस्पिटल आम्हाला जवळ आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच, १८८६ पासूनचं. तरी रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा हे आधीच विचारून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. नंबर मी फ्रिजवर चिकटवून टाकला.

आता घराबद्दल. आम्ही काळाचौकीला राहतो, वन रूम किचन. मी, नवरा, लेक आणि सासूबाई. सासूबाई जन्मभर एका प्रसूतिगृहात आयाबाई होत्या. किती बाळंतपणं बघितली याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. रेवडीची बातमी कळल्यावर त्यांच्या अंगात जे बळ आलं, ते मी माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर पहिल्यांदा बघितलं.

"अगं, डोहाळे लागले असतील तिला. काय खावंसं वाटतंय ते बघा तरी."

"आई, ती गवत खाते. तिला गवतच खावंसं वाटतंय."

"नुसत्या गवतावर बाळंतपण निभतं होय? डिंकाचा लाडू नको म्हणतेस ते ठीक आहे, पण एखादा खजूर?"

खजूर नाही, गूळ नाही, पोळीचा तुकडाही नाही. गोड आणि पिठूळ पदार्थांनी सशाचं पोट बिघडतं आणि सशाचं पोट बिघडलं की सगळंच बिघडतं. रोजचं टिमोथी गवत हवं तेवढं. त्याच्या जोडीला अल्फाल्फा, म्हणजे आपली लसूणघास. एरवी मोठ्या सशाला ती रोज देत नाहीत, कारण तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं भरपूर असतात. गाभण आणि पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. गोळीखाद्यही वाढवलं, पण चमच्या-चमच्याने. गाभण मादी चरबीने सुटली तरी धोका असतो, आणि शेवटच्या आठवड्यात तिचं खाणं अचानक तुटलं तर त्याहून मोठा. अंगातली चरबी भसाभस जळायला लागते, रक्त बिघडतं आणि ती हातची जाते.

हिरव्यात कोथिंबीर, थोडा पुदिना आणि दूर्वा. श्रावण चालू होता. दादरच्या फुलबाजारात दूर्वा मिळायची, पण दिवसागणिक जुडी बारीक आणि भाव जाडा होत चालला होता. गणपती जवळ आले की मुंबईत सशांनी दूर्वा खाणं म्हणजे चैन. नवरा सकाळी कामावर जाता जाता आणायचा. मी त्या धुऊन, निथळवून, पंख्याखाली पसरून मगच द्यायची. पावसाळ्यात सुक्या गवताचीच जास्त काळजी. टिमोथीचं पाकीट एकदा फोडलं की मुंबईच्या हवेत चार दिवसांत कुबट वास मारायला लागतं आणि बुरशी धरते. आम्ही ते उशीच्या सुती अभ्र्यात भरून माळ्यावर टांगलं. रोज मूठभर काढून आधी हुंगायचं. वास आला की सरळ फेकायचं, भाव आठवायचा नाही.

खाण्यापिण्याचं जमलं. जमत नव्हता तो एकांत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ होती: "शांत, अंधारी जागा. माणसांचा वावर नको." चार माणसांच्या खोलीत, जिथे दार सकाळी उघडतं ते रात्री झोपताना बंद होतं, तिथे हे कसं करायचं? बातमी मजलाभर झालीच होती. कुणाची तरी मुलं "सशीण दाखवा ना काकू" म्हणून यायची, पाठोपाठ त्यांच्या आया, मग चहा. गाभण मादी घाबरली, सारखी हाताळली गेली, तर व्यायल्यावर पिल्लं तुडवू शकते, कधी चावून टाकते. हे मी एकदा दारातच, मुलांच्या देखत, जरा कठोरपणे सांगितलं. त्याने दोन दिवस शांतता लाभली.

शेवटी जागा सापडली ती पलंगाखाली. तिथल्या बॅगा माळ्यावर गेल्या, माळ्यावरचा पाटा-वरवंटा शेजारणीकडे गेला. पलंगाला पुढून जुनी गडद चादर सोडली. जाळीचा तळ असलेला पिंजरा बाद केला, कारण जड मादीचे पाय त्यावर सोलवटतात. खाली चटई अंथरून पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या. सासूबाई त्या पलंगावर झोपतात. रेवडीला त्यांचा वास आणि त्यांचं घोरणं सवयीचं होतं, नव्या कुणाची भर नको म्हणून लेकीला खाली माझ्याजवळ घेतलं.

व्यायला लागणाऱ्या पेटीचा प्रश्न माळ्यानेच सोडवला. दरवर्षी गावाहून येणाऱ्या हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्या सासूबाई टाकू देत नाहीत, याच्यावरून आमच्यात पूर्वी शब्दाला शब्द झालेला आहे. त्यातली एक काढली. मादी आत शिरून वळू शकेल एवढी लांब, आणि उगाच ऐसपैस नाही, कारण मोकळ्या जागेत पिल्लं पांगतात आणि गार पडतात. नवऱ्याने सगळे खिळे पक्कडीने काढून-ठोकून बघितले, फळ्या कानशीने घासल्या. पुढची बाजू अर्धी कापली: आईला सहज उडी मारता यावी, पण दूध पिताना आचळाला चिकटलेलं पिल्लू तिच्यामागे फरफटत बाहेर येऊ नये, एवढा उंबरठा ठेवून. फळ्यांच्या फटींना आतून पुठ्ठा लावला.

आत काय घालायचं यावर खडाजंगी झाली. सासूबाईंनी मऊ झालेल्या नऊवारीचे तुकडे घडी करून ठेवले होते. बाळंतपणाला जुनं लुगडं, हा त्यांच्या हिशोबाने वेदातला नियम. पण कापडाचे सुटलेले धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात आणि पाय काळानिळा पडतो. कापसाचंही तेच. फक्त सुकं गवत, भरपूर, मधे मुठीने दाबून केलेला खळगा. बाकीची सजावट ती स्वतःच्या अंगावरच्या केसांनी करते. "स्वतःचे केस उपटून?" सासूबाई गप्प झाल्या. मग लुगड्याची घडी त्यांनी परत ट्रंकेत ठेवली.

पेटी लगेच आत सरकवायची नाही, असंही होतं. फार आधी ठेवली तर मादी तिचा संडास करते. डॉक्टरांच्या अंदाजाने अठ्ठाविसावा-एकोणतिसावा दिवस येईल तेव्हा ठेवली. रेवडीने आत तोंड घालून हुंगलं, एक कोपरा कुरतडला आणि चटईवर जाऊन पसरली.

त्यानंतरचे दिवस लेंड्या बघण्यात गेले. दुसरा शब्द नाही. ससा दुखणं लपवतो. त्याची तब्येत त्याच्या लेंड्यांत कळते. मोठ्या, गोल, कोरड्या म्हणजे पोट चालू आहे. बारीक झाल्या, कमी झाल्या की सावध. एका संध्याकाळी तिने गोळीखाद्याला तोंड लावलं नाही. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, व्यायच्या आधी खाणं थोडं मंदावतं, गवत-पाला खातेय का ते बघा. दहा-बारा तास काहीच पोटात गेलं नाही तर सकाळची वाट न बघता घेऊन या. कोथिंबिरीची काडी तिच्या तोंडापुढे धरली, ती तिने खेचूनच घेतली. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. कळा येतायत, रक्त दिसतंय आणि अर्ध्या तासात पिल्लू नाही, तर निघायचं. आणि तेहतीस दिवस उलटले तरी निघायचं, कारण त्यापुढे पोटातली पिल्लं सहसा जगत नाहीत.

श्रावणातले शनिवार-रविवार लालबाग-परळ-काळाचौकीत कसे असतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती मंडपात निघतात. रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते, ढोल-ताशा, कच्छी बाजा. मी याच आवाजात मोठी झालेय आणि एरवी गॅलरीतून सगळ्यात पुढे वाकून बघणारी मीच. त्या रविवारी मात्र दुपारपासून माझं लक्ष खिडक्यांकडे. सगळ्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले, खिडकीवर चौघडी टांगली. मग उकाडा. ससा थंडी सोसतो, उष्मा नाही. तीसच्या वर पारा गेला की धापा टाकतो, आणि गाभण असली तर विचारूच नका. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे झोत थेट अंगावर येणार नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून तिच्या चटईजवळ ठेवली, पेटीपासून लांब. आईला गारवा हवा, पिल्लांना ऊब, आणि दोघांच्या मधे जागा चार फूट.

खाली ताशा तडतडायला लागला आणि पलंगाखालून खरखर ऐकू आली. चादरीच्या कडेतून वाकून बघितलं. रेवडीच्या तोंडात दोन्ही बाजूंनी गवत, एखाद्या हवालदाराच्या मिशांसारखं. ती ते घेऊन पेटीत उडी मारायची, दाबायची, परत बाहेर. मग बसली आणि मान खाली घालून गळ्याखालच्या पोळीचे, म्हणजे लोंबत्या कातडीचे, केस तोंडाने उपटायला लागली. चर्र, चर्र असा बारीक आवाज होता, दोन गजरांच्या मधे ऐकू येणारा. पोटाचेही केस ओढले. त्याने आचळं मोकळी होतात आणि घरट्याला अस्तर मिळतं. खोट्या गाभणपणातही माद्या हे करतात, पण हिच्या पोटातल्या गाठी डॉक्टरांच्या हाताला लागल्या होत्या.

"मी बसते तिच्याजवळ," सासूबाई म्हणाल्या. "अशा वेळी कुणीतरी जवळ लागतं."

"नाही आई. हिला कुणीच लागत नाही."

त्यांना ते पटलं नाही. पण त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि कूस न बदलता पडून राहिल्या, हे मी बघितलं. ढोल रात्री केव्हातरी पुढे सरकले.

पहाटे त्यांनीच मला हलवलं. रेवडी चटईवर बसून पाणी पीत होती, हनुवटीला किंचित रक्त. पेटीत राखाडी-पांढऱ्या केसांचा ढीग आणि तो ढीग आपोआप हलत होता. सगळं उरकलं होतं. सशाची मादी पाऊण तासाच्या आत मोकळी होते, नाळ आणि वार खाऊन टाकते, पिल्लं चाटते. सासूबाईंच्या कानाशी हे घडलं आणि त्यांना एक हुंकारही ऐकू आला नाही. "तीस माणसांत एखादीच अशी असते," एवढंच त्या म्हणाल्या.

तिला कोथिंबिरीची जुडी देऊन मोरीच्या बाजूला गुंतवलं. हात धुतले, तिच्या चटईवरच्या गवतावर चोळले आणि ढीग उघडला. माणसाचा हात लागला की पाळीव मादी पिल्लं टाकते हे खरं नाही. तिची रोजची माणसं असली तर बघू देते. आणि बघावंच लागतं. मेलेलं पिल्लू किंवा वारेचा तुकडा आत राहिला तर सडतो, मुंग्या येतात. एकूण सहा होती. एक मेलेलं, ते मी कागदात गुंडाळून बाजूला काढलं. बाकीची गुलाबी, उघडी, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. सासूबाईंना धक्काच बसला. संगमेश्वरकडे त्यांच्या माहेरी रानात ससे दिसतात, त्यांची पिल्लं केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात, गवतात नुसती दबून बसतात. तो रानससा वेगळा. आपल्या पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे, म्हणून पिल्लं इतकी कच्ची.

पाच जिवंतांपैकी एक पिल्लू पेटीच्या बाहेर होतं. पुठ्ठ्याच्या भिंतीला लागून, फरशीवर. मांजर-कुत्र्यासारखं सशाची आई पिल्लू तोंडात धरून परत आणत नाही. बाहेर पडलं ते पडलं. हाताला थंडगार लागलं, हालचाल नाही. मी ते मेलेल्याच्या कागदाकडे नेत होते, तेवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला.

"दे इकडे. गार आहे म्हणजे गेलंय असं नसतं."

त्यांनी ते तळहातावर घेतलं, दुसरा तळहात वर ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली छातीशी धरून बसल्या. दूध पाजू का, असं लेकीने विचारलं. "गार पोटात दूध जिरत नाही. आधी ऊब." कमी वजनाची किती मुलं त्यांनी अशी अंगाशी धरली असतील. मी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आणली, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. बऱ्याच वेळाने त्यांनी पदर बाजूला केला. पिल्लाचा मागचा पाय ताणला गेला, मग तोंड उघडलं, मग सगळं अंग एकदम उसळलं. ते भावंडांच्या मधोमध, केसांखाली ठेवलं. दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, अगदी हेच करायचं असतं.

पुढची लढाई दुधाची. रेवडी दिवसभर पेटीकडे ढुंकूनही बघेना. सासूबाईंचा जीव टांगणीला. "उपाशी मरतील गं. आपण वाटीतलं दूध कापसाने..." गाईचं दूध पिल्लांना चालत नाही, आणि गरजही नसते. सशाची आई चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटं, बहुधा पहाटे किंवा रात्री. तिच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट स्निग्धांश असतो, तेवढ्यावर पिल्लांचा दिवस निघतो. बाकी वेळ ती मुद्दाम लांब राहते. घरट्याजवळ घुटमळणारी आई म्हणजे कोल्ह्याला दाखवलेली वाट. काळाचौकीला कोल्हे नाहीत हे तिला कोण सांगणार.

खात्री करायची ती पिल्लांच्या पोटावरून. रोज सकाळी एकेक उचलून बघायचे. प्यालेल्याचं पोट तट्ट गोल असतं आणि पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. उपाशी असेल तर कातडी सुरकुतलेली, पोट आत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पहिल्या दिवशी चाळीस ग्रॅमच्या आसपास होती, आठवड्याभरात दुपटीच्या पुढे गेली. बाहेर सापडलेलं सगळ्यात बारीक होतं. त्याला भावंडं ढकलायची. सासूबाईंनी त्याच्यासाठी डॉक्टरांना स्वतः फोन केला आणि "पेशंटचं वजन" असे शब्द वापरले.

दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडले. त्यानंतर पेटीचा उंबरठा कुणाच्याच उपयोगाचा राहिला नाही, पलंगाखालून दाणादाण बाहेर यायला लागली आणि चार्जरच्या वायरी आम्ही खुंटीवर चढवल्या.

आता मजल्यावरच्या, खालच्या आणि नणंदेच्याही ओळखीच्या माणसांना पिल्लू हवंय. आठ आठवडे पुरे व्हायच्या आधी कुणालाच द्यायचं नाही, आणि नर-मादी डॉक्टर सांगतील तेव्हाच, दुकानदाराच्या धर्तीवर नाही. बत्ताशाची नसबंदी ठरली आहे. त्यानंतरही महिनाभर तो भांडुपलाच राहील, कारण नसबंदी झालेला नर काही आठवडे बाप होऊ शकतो. रेवडीचं ऑपरेशन पिल्लं सुटल्यावर. ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका फार असतो. पिल्लं मागायला येणाऱ्यांच्या मुलाखती सासूबाई घेतात. परवा दुसऱ्या मजल्यावरचे काका आले होते, नातवासाठी. "घरात दुपारी कोण असतं? पंखा असतो का? गवत कुठे ठेवणार?" काका म्हणाले, पोळी-भाकरी खाईल की आमच्यातली. त्यांना चहा मिळाला, पिल्लू मिळणार नाही.